दोन पापुद्रे

अंगातली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची पट्टी मनगटाला बांधून त्याने डबी उघडली आणि चिमट्याने नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अणूइतके पातळ दोन पापुद्रे, एकमेकांवर जरासे तिरके बसवलेले, कडेला सोन्याच्या तारा. तिने करून ठेवलेला हा शेवटचा.

ग्राफाइटवर चिकटपट्टी दाबायची, सोलायची, पुन्हा सोलायची, आणि उरलेला एकच थर दुसऱ्यावर अलगद टेकवायचा. हे तिच्याच हाताला जमायचं. बाकीचे नुसती बोटं काळी करून घ्यायचे. चुंबकाची खोली सांभाळणाऱ्या याला ती मॅग्नेटराव म्हणायची, हा तिला चिकटपट्टी म्हणायचा. एवढ्यावरच गाडं अडलं. दूरच्या शहरात तिला कायमची नोकरी लागली, तेव्हा निरोपाच्या चहालाही हा गडी पंपाच्या दुरुस्तीबद्दलच बोलत राहिला. ओठांवर आलेलं चहाबरोबर गिळून टाकलं. तेव्हापासून तिची आठवण आली नाही असा दिवस गेला नव्हता.

सर सकाळीच बजावून गेले होते, "उद्या हा चुंबकात घाला. चुंबक गार ठेवायचं हेलियम संपत आलंय."

नमुना झकास होता. उद्या आकडे मिळतील, शोधनिबंध छापून येईल, दोघांची नावं शेजारी शेजारी लागतील. आणि मग तिला इकडे फिरकायचं काही कारणच उरणार नाही.

त्याने मोकळ्या हाताने फोन लावला.

"बोला मॅग्नेटराव! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"तुझा नमुना जळला."

"अरे देवा. कसा?"

"पट्टी बांधायला विसरलो. हात लावला आणि अंगातली वीज उतरली त्याच्यात."

"तू? पट्टी नाही दिसली की अख्ख्या जगाला फैलावर घेणारा तू?"

"हो."

"मग आता रे?"

"नवा करावा लागेल. इथे कुणाला जमत नाही."

पलीकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "ग्राफाइट काढून ठेव. आणि तो जळलेला टाकू नकोस हं. नेमका कुठे जळलाय ते मला बघायचंय."

फोन ठेवून त्याने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही पापुद्रे जागच्या जागी होते, कुठे एक सुरकुती नाही. किती दिवस खपली असेल ती यावर! त्याने डोळे भरून बघून घेतलं.

मग मनगटाची पट्टी सोडून खुंटीला अडकवली. स्वेटरची बाही प्लास्टिकच्या खुर्चीवर खसाखसा घासली. आणि ज्या चुकीसाठी आजवर सगळ्यांना झापलं, ती करायला सोन्याच्या तारेकडे बोट नेलं.