गोपाळचा उतारा

सकाळी सातच्या सुमाराला पंकजाच्या मोबाइलवर अमेरिकेतला आकडा यायचा, आणि तोवर बायनाबाई चहाला तोंड लावत नसे. चहावर साय धरायची, तिची सून पंकजा दोनदा म्हणायची, "घ्या की, आत्याबाई," आणि बायनाबाई म्हणायची, "तू आधी ते डबडं उघड."

आकडा गोपाळचा. गोपाळ म्हणजे पंकजाचा थोरला, बायनाबाईचा नातू, वय वीस. परभणीच्या शाळेत दत्तराव सरांनी त्याचा फेकायचा हात बघितला आणि त्याला बेसबॉलला लावलं. पुढं दिल्लीत परीक्षा झाली, दोनशे पोरांतून तिघं निवडले, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या संघानं त्याला नेऊन आपल्या सगळ्यात खालच्या टीममध्ये उभा केला. चेंडू फेकायचा, एवढंच त्याचं काम. तिथं असली पोरं पन्नास होती. एप्रिलात खेळ सुरू झाला होता, आणि जूनअखेर त्या पन्नासांची छाननी होणार होती. दाणा ठेवायचा, फोल उडवायचं. ज्याला उडवलं त्यानं आपली बॅग उचलून गावाकडं यायचं.

झरी गावात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस उरला नव्हता. बायनाबाईनं ती जबाबदारी स्वतःकडं घेतली होती.

पहिल्याच सामन्यानंतर गोपाळच्या नावापुढं शून्य आलं. शून्य, टिंब, आणखी दोन शून्यं. बायनाबाईचं शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण आकडे तिला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. बाजारात तिच्यासमोर काट्याला बोट लावायची कुणाची छाती होत नसे.

"शून्य उतारा," ती म्हणाली. "एवढ्या लांब जाऊन शून्य. हितं माळावर पेरलं तरी दोन क्विंटल येतंय."

"पहिलाच दिवस हाय," पंकजा म्हणाली. ती अंगणवाडीत शिकवायची, बारावी झालेली, पण त्या खेळातलं तिलाही ठाऊक नव्हतं. "पेरलं अन् लगीच काढलं, असं असतंय का?"

त्या दिवशी बायनाबाई दारात बसली नाही. कमलबाई शेजारून हाक मारत होती, तर डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिली.

मग दोन पंचवीस आला. मग सहा. दर तीन-चार दिवसांनी आकडा चढत गेला, तसा बायनाबाईचा आवाजही चढत गेला. एका सकाळी आकडा आला नऊ. एकरी नऊ क्विंटल सोयाबीन झालं तर माणूस ट्रॅक्टरला हार घालतो. बायनाबाईनं गुळाची ढेप फोडली आणि आळीत घरोघर खडा दिला. कमलबाईला जरा मोठा दिला, कारण तिचा पुतण्या पोलीस भरतीत धावताना पडला होता.

"काय झालं गं एवढं?" कमलबाईनं विचारलं.

"गोपाळचा उतारा नऊवर गेला."

"म्हंजे चांगलं असतंय का?"

"तुला कशाला कळंल? तू खडा खा."

रविवारी गोपाळचा फोन आला. बायनाबाईनं सुनेच्या हातातून ओढूनच घेतला.

"नऊवर गेलास म्हणं रे."

पलीकडं बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हां, आजी. नऊ."

"मग तोंड पाडून कामून बोलायलास?"

"झोप झाली न्हाई."

"गूळ वाटला मी आळीत."

"कशाला वाटलीस, आजी?" तो एवढंच म्हणाला, आणि सामान आवरायचंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

बायनाबाईला ते बोलणं दिवसभर खुपत राहिलं. गूळ वाटला म्हणून रुसणारा नातू तिच्या घरात जन्मला नव्हता.

बुधवारी आकडा आला अकरा. सासू-सुना गच्चीवर कुरडया घालत होत्या. तेवढ्यात दत्तराव सरांचा फोन आला. पंकजाचे हात चिकानं भरलेले, म्हणून तिनं कोपरानं बटण दाबून आवाज मोठा केला.

"ताई, धीर सोडू नका," सर म्हणाले. "सुरुवातीचे दिवस आहेत. आकडा येईल खाली."

"खाली कशाला, सर?" बायनाबाई मधेच म्हणाली. "वरच जाऊ द्या की."

सरांना घोळ कळला. मग हळूहळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. हा आकडा कमाईचा नव्हे. गोपाळ पूर्ण सामनाभर फेकत राहिला तर समोरच्याला किती धावा देईल, त्याचा हा हिशोब. शून्य म्हणजे कुणाला काही दिलं नाही. शून्य सगळ्यात चांगला.

"अन् अकरा?" पंकजानं विचारलं.

"अकरा फार झाले, ताई."

फोन बंद झाला. बायनाबाईच्या हातात सोऱ्या होता, तो तिनं तसाच दाबत ठेवला, आणि एकाच जागी कुरडईवर कुरडई पडून ढीग झाला. पंकजानं तो ढीग गुपचूप उचलून पुन्हा चिकात कालवला. तिची ही एक खोड सासूला मनातून आवडायची.

"त्यानं मला सांगितलं न्हाई," बायनाबाई शेवटी म्हणाली. "मी बावळटासारखी गूळ वाटत फिरले, अन् ह्यो हां आजी, हां आजी करत बसला. तुझं पोर खोटं बोलत न्हाई, पंकजा. त्याला काही दडवायचं असलं तरच गप बसतंय. त्याचा खेळ दाव मला."

पंकजानं हात धुतले आणि मोबाइलवर संघाच्या पानावर शोधून पहिल्या सामन्यातला व्हिडिओचा तुकडा लावला. गोपाळ उंचवट्यावर उभा होता, टोपी घातलेली, ओळखू न येण्याइतका दांडगा झालेला. त्यानं चेंडू फेकला, आणि उजवा हात सपकन खाली डाव्या गुडघ्यापर्यंत आला. मग तिनं परवाचा तुकडा लावला. इथंही फेकला. पण हात अर्ध्यातच थांबला, आणि गोपाळनं अंगठा कमरेच्या पट्ट्यात अडकवून हात तसाच लोंबत ठेवला.

"पुन्हा लाव."

पंकजानं पुन्हा लावला.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा बघताना बायनाबाईनं पडद्यावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. बारा वर्षांचा असताना ज्वारीतली पाखरं हाकायला गोपाळ दिवसदिवस गोफण फिरवायचा. त्या साली त्याचं कोपर सुजून टम्म झालं होतं. घरात कळलं तर रानात जाऊ देणार नाहीत म्हणून पोरानं तीन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. चड्डीच्या नाडीत अंगठा अडकवून हिंडायचा. बायनाबाईनं त्याला पकडलं होतं ते याच अंगठ्यावरून.

"त्याचं कोपर गेलंय," ती म्हणाली.

पंकजानं मोबाइल खाली ठेवला. "मग सांगत कामून न्हाई तिथल्या डॉक्टरला?"

"सांगितलं तर बसवून ठेवतील. जूनपातुर बसून राहिलेल्याला कोण ठेवून घेईल?"

"मग आपण तरी कसं म्हणायचं, आत्याबाई? आपल्या बोलण्यानं त्याला परत धाडलं तर जन्मभर म्हणंल, घरच्यांनीच घालवलं."

बायनाबाईनं सोऱ्या उघडून त्यात चिक भरायला घेतला. दोन महिने पोरानं दात आवळून काढले तर कदाचित टिकेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तो परत आला तर कमलबाई काय म्हणेल, हेही येऊन गेलं. खोटं कशाला, तेच आधी आलं होतं. मग ती स्वतःवरच चिडली. नातू कोपर घेऊन तडफडतोय आणि आपण कमलबाईचं तोंड बघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं आकडा विचारला नाही. "त्याला लाव," म्हणाली. "चेहरा दिसतोय तसला."

तिकडं रात्रीचा सामना नुकताच सुटला होता. गोपाळ कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलेला दिसला. मागं पोरं हसत-खिदळत बाहेर पडत होती.

"आजी? एवढ्या सकाळी?"

"उजवा हात वर कर."

"काय झालं?"

"वर कर, अन् त्याच हाताची बोटं त्याच खांद्याला लावून दाव."

गोपाळनं इकडंतिकडं बघितलं. डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि हसला.

"माकडा, मी उजवा म्हणलं. दुसरी शिकले असले तरी डावा-उजवा कळतंय मला."

त्यानं उजवा हात उचलला. कोपर वाकलं, निम्म्यावर आलं आणि तिथंच राहिलं. बोटं आणि खांदा यांच्यात वीतभर जागा उरली. तो जोर लावायला लागला, तसं त्याचं तोंड पांढरं पडलं.

"राहू दे," बायनाबाई म्हणाली. "कवापासून दुखायलंय?"

"तीन आठवडे झाले."

पंकजानं पदर तोंडाला लावला.

"आजी, कुणाला सांगू नको," गोपाळ घाईघाईनं म्हणाला. "सरांना पण न्हाई. हे लोक लगीच नाव खोडतेत. माझ्या शेजारच्या पोराला परवाच धाडला. बर्फ लावायलोय मी, बरं होईल."

"डॉक्टर हाय का तिथं?"

"हाय, पलीकडच्या खोलीत. पण आजी, मला घरी धाडलं तर?"

"तर ये."

"गावात काय सांगशील?"

"गावाला मी बघते. मी कुणाच्या बापाला भ्याले न्हाई." तिनं तोंड मोबाइलजवळ नेलं. "ह्याच हातानं तुला उद्या जेवायचंय, गोपाळ. लेकराला उचलून घ्यायचंय. ऊठ."

तो उठला नाही. बाकावर बसून राहिला, खाली बघत. खोलीतले दिवे कुणीतरी एकेक घालवायला लागलं होतं. यापुढं एक शब्द जास्त बोललं तर पोर फोन ठेवील, हे बायनाबाईला कळत होतं, आणि गप बसणं तिला कधी एवढं जड गेलं नव्हतं.

मग गोपाळ उभा राहिला.

फोन त्याच्या हातातच होता. आधी बोळ दिसला, मग एक दार. दारावर त्यानं डाव्या हातानं टकटक केलं, आणि फोन कुठंतरी टेबलावर उताणा ठेवला. त्यानंतर नुसतं छत दिसत राहिलं, पांढरं, मधोमध एक दिवा. एका पुरुषाचा आवाज आला. गोपाळचा आला. खुर्ची सरकली. बायनाबाईला एक शब्द कळत नव्हता, म्हणून ती आवाजाची चाल ऐकत होती. तो माणूस रागावलाय का, हसतोय का, घाईत आहे का. काही थांग लागत नव्हता. तो हळू बोलत होता.

"काय म्हणायलाय?" तिनं कुजबुजत विचारलं.

"न्हाई कळत, आत्याबाई. लय हळू आवाजात बोलायलेत."

तेवढ्यात गोपाळ ओरडला. "आई गं."

पंकजानं फोनकडं हात केला. बायनाबाईनं तिचा हात बाजूला सारला.

"वरडू दे. तीन आठवडे दाबून ठेवलंय त्यानं."

पुन्हा बोलणं सुरू झालं. मग गोपाळचा चेहरा छताच्या पुढं आला, वरून वाकलेला, डोळे ओले.

"आजी, उद्या हाताचा फोटो काढणारेत. तवर चेंडूला शिवायचं न्हाई म्हणलेत."

"अन् मग?"

"मग काय ते सांगितलं न्हाई. आता कागद लिहायलेत. ठेवू का फोन?"

"ठेवू नको."

"पण तुला काही कळत न्हाई, आजी."

"न कळू दे," बायनाबाई म्हणाली. "तू चालू ठेव."

गोपाळनं फोन पुन्हा टेबलावर ठेवला. बायनाबाईनं पंकजाचा मोबाइल दोन्ही हातांत नीट धरला आणि त्या पांढऱ्या छताकडं बघत ती ऐकत राहिली.