दुलीचंदच्या कोठीतला शेवट

सिनेमावाल्यांनो, तुमच्याकडे पस्तीस वर्षं होती आणि तुम्ही फक्त कॅमेरा बदलला. जुन्या सिनेमात जे पाप होतं ते नव्या रंगात परत केलं आणि वर तिकीट लावलं.

सिनेमाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. सासरच्यांनी विहिरीत ढकललेली नवरी ओल्या पायांनी घरात परत येते, तोच.

आम्ही गोंदियाजवळच्या कामठ्याचे. मी अकरा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा पाहिला, दुलीचंदच्या धानाच्या कोठीत. पोती भिंतीला सारायची, खिडकीला बारदाना ठोकायचा, भरदुपारी अंधार करायचा. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याचे. कॅसेट मात्र दुलीचंदची स्वतःची, भुताची एकच, आणि तिची शेवटची वीस मिनिटं मशीननं खाल्लेली. नवरी विहिरीच्या काठावर उभी राहायची, सासू किंचाळायची, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

मी चौदा वेळा पाहिला. चौदाही वेळा घाबरलो. त्या घाबरण्याची चव मला पुढं कुठंच मिळाली नाही. आमचे बाबा, देवीदास, धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस. म्हणायचे, "भूतबित नसते. रंग लावलेली बाई हाये ते. पाहा, पन भेऊ नोका." आणि स्वतः मागच्या पोत्यावर येऊन बसायचे.

मुंग्या आल्या की माझी बहीण रंजिता उठायची. पंधरा वर्षांची. टीव्हीसमोर उभी राहून उरलेला सिनेमा सांगायची. तिनं तो पाहिला नव्हता, कोणीच पाहिला नव्हता.

"मंग काय झालं व, रंजिता?" म्हातारी शामकला विचारायची. तिला पाठ होतं, तरी विचारायची.

"मंग तिचा बाप आला. खाचराले बैल जुपून आला. विहिरीपाशी उभा राहून म्हनते, चाल माय, घरी चाल. तिनं कोनाले काहीच केलं नाही. गुपचूप खाचरात बसली. सडकेवर पान्याची धार लागली, पार माहेरपावेतो."

"भुताले माहेर रायते का?" मागून बाबा हसायचे.

"सासर रायते त माहेर काऊन नाही राहनार?"

सगळी कोठी हसायची. बाया हसता हसता डोळे पुसायच्या.

चार वर्षांनी रंजिताला सौंदडला दिली. वर्षभरात तिचं पत्र आलं: मले न्यायले या. बाबा म्हणाले, थोडं सांभाळून घे म्हणावं तिला. मी गोंदियाला आयटीआयला होतो. परीक्षा झाली की जातो, म्हणालो. परीक्षा झाली. मी गेलो नाही. नऊ वर्षांनी ती स्वतःच पॅसेंजरनं आली, पोरीचा हात धरून. आज शाळेत पोरांचा भात शिजवते. मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा तुमच्या नव्या सिनेमाची जाहिरात पाहिली आणि जुना अख्खा मोबाईलवर शोधून काढला. ती वीस मिनिटं पाहिली. मांत्रिक येतो, नवरीला जाळतो, घर सुखी. मोबाईल उलटा ठेवला. रंजिताला सांगितलं नाही. वाटलं, तुम्ही नवीन माणसं आहात, शिकलेली आहात. एवढं तर बदलाल.

म्हणून तिला गोंदियाला घेऊन गेलो. दुपारचा खेळ. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"आता खरा शेवट पाहाले भेटन," गाडीत म्हणाली.

तुम्ही दर पाच मिनिटांनी कानात धाडकन आवाज केला. दचकलो. घाबरलो नाही. रंजितानं मला कोपर मारलं. "हिचे पाय त सुकेच हायेत रे! विहिरीतून आली का ब्युटी पार्लरातून?"

मग मांत्रिक आला. आग लागली. नवरी चार मिनिटं ओरडत जळाली, चारही बाजूंनी दाखवलीत. घरच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दिवे लागले.

रंजिता उठेना. झाडूवाला येऊन उभा राहिला.

"जुन्यातबी असंच होतं?"

"हो."

"म्हंजे मीच खोटं सांगून राहिली होती." मग पडद्याकडे पाहत म्हणाली, "तिच्या घरचं कोनीच नाही आलं?"

परतीच्या रस्त्यावर ती खिडकीबाहेर पाहत होती, कामठा येईपर्यंत.

आता ऐका. दोन्ही सिनेमांत पहिल्या दहा मिनिटांत नवरीचा बाप आहे. लग्नात रडतो, पोरीला गाडीत बसवतो. त्यानंतर तो एकदाही दिसत नाही. पोरगी विहिरीत पडते, भूत होते, जळते, आणि बापाची खबर नाही. भावाची तर नाहीच.

मी का नाही गेलो, ते मला माहीत आहे. ते मी रंजितासमोर बसून सांगणार आहे, तिनं तोंडावर थुंकलं तरी. पण तो बाप तुम्ही लिहिला आहे. दोनदा लिहिला. तो कुठं गेला होता? तिला आणायला का नाही आला? सांगा.