अप्पांचा पंखा

हार्ड डिस्कची तबकडी फिरू लागली की आतून टक्, टक् असा आवाज यायचा, आणि मग सगळं बंद. को यिन-चेनला तेवढ्यावरून कळलं, वाचणारी हेडं गेलीत.

"मावशी, दुसऱ्या डिस्कची हेडं काढून यात बसवते. पण तबकडीला ओरखडे आहेत. ही हेडं किती टिकतील सांगता येत नाही. आधी काय काढू?"

"आईचे फोटो," मेइ-शिया म्हणाली. बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या या दुकानासाठी ती काओश्युंगहून भल्या सकाळच्या गाडीने तैपेईला आली होती. भुतांचा महिना चालू होता, मेलेली माणसं घरी येतात म्हणतात तो. बाहेर फुटपाथवर दुकानदार त्यांच्यासाठी कागदी नोटा जाळत होते, त्याचा धूर काचेच्या दाराखालून आत येत होता. "अप्पा गेले गेल्या महिन्यात. फोटो सगळे त्यांच्याकडेच होते."

यिन-चेनने हेडं बसवली, यंत्र रुसू नये म्हणून त्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट सवयीने नीट केलं आणि वाचन सुरू केलं. फोटोंआधी एक आवाजाची फाईल हाती लागली. डिस्क खरं वाचतेय का, हे बघायला तिने ती लावली.

पंख्याची घरघर. मग म्हाताऱ्याचा आवाज: "चहा घेतेस?" थोडी शांतता. "अगं, साखर नाही घातली. बघ तरी!" आणि तो खुदकन हसला.

"अप्पाच," मेइ-शिया म्हणाली. "पण बोलतायत कुणाशी?"

यिन-चेनने तारीख दाखवली. मेइ-शिया खुर्चीत बसली.

"आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, पोरी." तिने तारीख पुन्हा वाचली. "फोनवर दर वेळी म्हणायचे, आम्ही बरे आहोत. मला वाटायचं, सवय आहे जिभेला."

तेवढ्यात डिस्क कुरकुरली. यिन-चेनने वाचन थांबवलं. "मावशी, लवकर सांगा. फोटो की हे?"

"फोटोतली आई मला पाठ आहे. हेच काढ."

एकेक फाईल उतरत गेली. अप्पा भाजीवरून भांडत होते, शेजाऱ्यांच्या चुगल्या सांगत होते, मध्येच थांबून ऐकत होते. ते थांबले की यिन-चेनही कान देऊन ऐकायची. तिने आवाज पूर्ण वाढवून पाहिला. पंख्याशिवाय काही नव्हतं.

शेवटची फाईल उतरली आणि हेडं तबकडीवर घासली. कर्कश आवाज झाला. फोटो गेले.

त्या फाईलमध्ये अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आत्ताच? बरं, बरं. थांब, पंखा बंद करतो."

खटका वाजला. घरघर हळूहळू विरली. सपाता फरफटल्या, दाराची कडी निघाली. पुढे नुसती शांतता होती, आणि ती संपेचना.

"ही तारीख ते गेले त्या रात्रीची. पलंगावर सापडले," मेइ-शिया हळूच म्हणाली. "दार सताड उघडं. एवढ्या उकाड्यात पंखा बंद. भाऊ म्हणाला, वीज गेली असेल."

"नक्कल करून देते," यिन-चेन म्हणाली. "माझ्याकडची पुसू?"

"पूस." मेइ-शियाने डोळे टिपले. "आधी ते चहाचं एकदा लाव. आई तिथे काय म्हणाली असेल, मला माहीत आहे."

यिन-चेनने लावलं. अप्पांनी विचारलं, आणि त्या शांततेत मेइ-शियाने हुबेहूब कुणाच्या तरी ठसक्यात उत्तर दिलं, "तुमच्या हातचा? नको बाई!"

अप्पा लगेच म्हणाले, "अगं, साखर नाही घातली. बघ तरी!"