माहेरचं पाचट

वालाची पानं मुठीत आवळल्यासारखी गोळा झाली होती. पायलनं शेजारचा वेल पाहिला, तोही तसाच. शेंडे पिळवटलेले, देठ वाकडे.

शुक्रवार पेठेतल्या त्या घरामागं चार वाफ्यांपुरती माती. काळी, उन्हानं भेगाळणारी. सासू सारजाबाई दरसाल ती कुदळीनं उलथीपालथी करायची. यंदा पायलनं तिचा हात धरला.

"आत्या, नका खणू. वर पाचट अंथरू. ओल धरंल, गांडुळं आपसूक भुसभुशीत करतील."

आणि माळशिरसहून, बापाच्या फडातलं, उसाच्या वाळक्या पानांचं पाचट टेम्पोनं आलं. माहेरचं लुगडं आल्यागत पायल त्या दिवशी मिरवली होती. त्याच वाफ्यांत सारजाबाईनं गेलेल्या बहिणीच्या वालाचं, वर्षानुवर्षं राखलेलं सगळं बी टोचलं.

"खणलं न्हाय म्हणून रुसली माती," सारजाबाई म्हणाली. "तुमच्या तितं चालत असंल. हितं कुदळच लागती बाई."

अशी पिळवटलेली पानं पायलनं माहेरी, फवारा उडालेल्या बांधावरच्या वेलांवर पाहिली होती. तिनं आत जाऊन धाकट्या भावाला फोन लावला.

"युवराज, पाचटावर काय मारलं होतं का रं?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग, "व्हय, आक्का. उसावर तणाचा वेल लई चढला हुता. तोडणीच्या तोंडावर तणनाशक मारलं. पण सासूला सांगू नको. आपल्या अण्णांची मान खाली जाईल."

ती बाहेर आली तर सारजाबाई वाफ्यावरचं पाचट पाटीत भरत होती. "वाल तर गेला. ह्याचं खत तरी हुईल," म्हणत ती खतखड्ड्याकडं वळली. खड्ड्यात वर्षभराचा पालापाचोळा, शेण, भाजीची देठं. तेच खत पुढं वांग्याला, कढीपत्त्याला, मोगऱ्याला जायचं.

पायलच्या जिभेवर माहेर येऊन बसलं, हलेना.

"आत्या, टाकू नका!" ती ओरडलीच. "औषध मारलंय त्याच्यावर. आमच्याच रानात. मला आत्ता कळलं."

सारजाबाई जागीच थांबली. आता माहेराचा उद्धार होणार म्हणून पायलनं अंग चोरलं.

सासूनं पाटी खाली ठेवली. "आन् वाढं कुणाला घातलं?"

"काय?"

"उसाचं हिरवं शेंडं गं. गुरांनीच खाल्लं असंल की. तुझी वहिनी पोटुशी न्हवं? दूध घरचंच पीत असंल?"

पायल हातातल्या फोनकडं बघत राहिली.

"बघतीस काय? लाव फोन. माझ्या वालाचं मागनं बघू," सारजाबाई म्हणाली, आवाज मात्र चिरकला.

पायलनं वहिनीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. तिनं परत लावला.