अकरा राशी सुखात

पेपरात राशिभविष्य लिहिणाऱ्या काकांना कुणी कधी दम दिला नव्हता. पण विषाची परीक्षा पाहायची कशाला? मालकांची सिंह रास, म्हणून सिंहेला कायम लाभ. मंत्र्यांची तूळ, मालकीणबाईंची कन्या. बाकीच्याही कुणा ना कुणा साहेबाच्या निघाल्या. सगळी संकटं एकट्या वृश्चिकेच्या गळ्यात पडली, कारण ती काकांची स्वतःची रास.

"अहो, दर आठवड्याला तुमचाच पाय मोडतो!" बायको करवादली.

तेवढ्यात नवे संपादक आले, तेही नेमके वृश्चिकेचे! आता वाईट लिहायचं कुणाचं? सगळंच गोड छापलं तर विश्वास कोण ठेवणार? शेवटी काकांनी तळाला एक ओळ जोडली: "ज्यांच्या घरी आमचा पेपर येत नाही, त्यांचं या आठवड्यात काही खरं नाही."