कोठीतलं पाणी

काळ्या टेपचं एक टोक सुटलं होतं. लाल बटणावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला तडा गेला तेव्हा मुश्ताकने, इथल्या ऑपरेटरने, ती टेप चार वेढे घालून लावली होती, आणि आता उन्हाने तिचा डिंक सुकून ते टोक वाऱ्यावर थरथरत होतं – विभावरीने ते अंगठ्याने दाबलं, ते चिकटलं, तिने अंगठा काढला, ते पुन्हा उठलं. सव्वानऊ वाजले होते. पिवळ्या जाकिटाच्या आत पाठीवरून घामाची एक धार हळू उतरत होती, आणि केबिनमध्ये तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

खाली कोठी भरलेली होती. कोठी हा मुश्ताकचा शब्द. बाकी सगळे चेंबर म्हणत. दोन पोलादी दरवाजांच्या मधली काँक्रीटची लांबट, खोल जागा. आतल्या बाजूला वसाहतीचं तळं – खणून तयार केलेलं, ज्याचं पाणी कायम एकाच उंचीवर राखलं जातं, कारण काठावरच्या घरांतून चिखल दिसता कामा नये. बाहेरच्या बाजूला समुद्र. ओहोटीला दोन्ही पाण्यांत चांगला माणूसभर फरक पडतो. सहलीला निघालेली बोट आतल्या दाराने कोठीत येते, दार मिटतं, हिरवं बटण दाबलं की कोठीतलं पाणी तळातून समुद्रात निघून जातं, बोट त्याच्याबरोबर खाली उतरते, मग बाहेरचं दार उघडतं. इतकंच. प्रशिक्षणाच्या दिवशी सुजीतही हेच म्हणाला होता – ताई, इतकंच, खलास. सुजीत व्यवस्थापन कंपनीतला ऑपरेशन्स मॅनेजर, मूळचा ठाण्याचा, सगळ्या स्वयंसेवकांची नावं पाठ असलेला.

भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता. दर शनिवारी त्यात दोन नावं असत, एका रकान्यात ऑपरेटर, दुसऱ्यात स्वयंसेवक. आज दोन्ही रकान्यांत तिचंच नाव होतं. कुणीतरी घाईत तेच तेच चिकटवलं असणार… तिने आधी तसंच समजायचा प्रयत्न केला होता. पण पुढच्या शनिवारी दोन्ही रकान्यांत दुसऱ्या बाईंचं नाव होतं, त्याच्या पुढच्या शनिवारी एका निवृत्त इंजिनिअरचं, आणि मुश्ताकचं नाव महिनाभर कुठेच नव्हतं.

मुश्ताक गुरुवारी गावी गेला, नोकरी सुटली म्हणून. दाभोळच्या खाडीकाठचं त्याचं गाव. अकरा वर्षं तो या बटणांपाशी उभा होता. जाताना भेटायला आला नाही, आणि त्याने का यावं… वसाहतीच्या फाटकापाशी तिने त्याची बॅग टॅक्सीत चढताना पाहिली, तिने हात वर केला, त्यानेही केला, आणि दोघांनीही तो जरा जास्तच वेळ वर ठेवला. घरी आल्यावर तिने नवऱ्याला, विजयकुमारला, सांगितलं. तो फोनमधून डोळे न काढता म्हणाला, की कंपन्या दर वर्षी माणसं कमी करतातच, आमच्या जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात तरी काय वेगळं आहे. हे खरंच होतं. तिला सांगायचं होतं ते त्याच्याही मागचं होतं, आणि ती रोजच्यासारखी उठून स्वयंपाकघरात गेली.

मार्चमधला तो शनिवार. काय झालं होतं? काहीच नाही, असं रजिस्टर सांगतं.

बावीस वर्षं ती या आखाती देशात नवऱ्याच्या व्हिसावर राहिली होती. लग्नाआधी पुण्यात शाळेत भूगोल शिकवायची, फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी समजवायची. लेक शिकायला दूर गेली, आणि वसाहतीच्या ग्रुपवर निरोप आला, की हौशी बोटवाल्यांसाठी लॉकवर, म्हणजे या कोठीवर, माणसं कमी पडताहेत, मदत करायला कोण येईल. ती गेली. पहिल्यांदा हिरवं बटण दाबलं आणि एवढं पाणी तिच्या एका बोटाने हललं, तेव्हा तिला जे वाटलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही. बोटीतली माणसं खालून हात हलवत. ती वरून हलवी. तिला हे आवडायचं… फार आवडायचं, हे कबूल करायला हवं.

पाणी उतरताना बोटीचा दोर सैल सोडत जावा लागतो. तो काठावरच्या खुंटीला एक वळसा घालून हातातच धरायचा. बांधून टाकला तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. बटणापाशी उभ्या माणसाला कोठीचा तळ दिसत नाही, म्हणून नियम असा, की आधी काठापर्यंत चालत जाऊन वाकून बघायचं. त्या शनिवारी ती गेली नाही. कारण? सहा महिने ती कारण शोधत होती. फोन वाजला नव्हता, डोकं दुखत नव्हतं, भांडण झालं नव्हतं. त्यांनी हात हलवला, तिने हलवला आणि बटण दाबलं. कारण नव्हतंच, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. मग दोर कुरकुरल्याचा आवाज – जाड, ओला – आणि बोट एका कुशीवर, आणि एका बाईचा हात भिंत आणि बोट यांच्या मध्ये. मुश्ताक चहाचा पेला टाकून धावला, त्याने लाल बटणावर मूठ मारली; झाकणाला तडा गेला तो तेव्हा.

दोन बोटं. नखं काळीनिळी, बाकी काही नाही. बाईचा नवराच ओशाळला, दोर त्याने बांधला होता ना. नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम म्हणत ते समुद्रात निघून गेले. मग केबिनमध्ये मुश्ताकने रजिस्टर उघडलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

“बाई, काय लिहू?”

ती त्याचा सांडलेला चहा पुसत राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. त्याने अपघाताच्या रकान्यात शून्य घातलं, वही मिटली, आणि मग तिला बरं वाटावं म्हणून गावच्या गोष्टी सांगत बसला. त्यांच्याकडे खाडीलगतच्या खाजणाच्या बांधाला उघाडी असते, लाकडी दार, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. त्याचा बाप तिथे राखणीला असायचा. “उघाडीवर एकटा माणूस ठेवत नसत,” तो म्हणाला, “एकाने दार बघायचं, एकाने पाणी.” त्याने ते सहज म्हटलं होतं. निदान तेव्हा तिला सहज वाटलं होतं.

सप्टेंबरमध्ये सुजीतने सगळ्या स्वयंसेवकांना हॉलमध्ये बोलावून पडद्यावर आकडे दाखवले. सहा महिने, एकही अपघात नाही. टाळ्या झाल्या, तिनेही वाजवल्या. त्यावरूनच पुढचं ठरलं: शनिवार-रविवार आता स्वयंसेवकच सांभाळतील, ऑपरेटर फक्त फोनवर, आणि त्यांतला एक कमी होईल. ते एक शून्य – तिचं शून्य – पडद्यावर इतरांच्या शून्यांच्या रांगेत बसलं होतं, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला मुश्ताक पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर…

आज सकाळी चहा गाळताना तिने ठरवलं होतं. पहिली बोट यायच्या आत तिने सुजीतला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, दोर, बोटं, शून्य, सगळं. बोलताना आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. पलीकडे सुजीतने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“ताई, हे आणखी कुणाला बोललात?”

नाही, ती म्हणाली. मग तो फार सौम्यपणे बोलू लागला. वही उघडायची तर अक्षर मुश्ताकचं आहे, सही मुश्ताकची आहे. खोटी नोंद केल्याचा शेरा एकदा फाइलवर लागला, की या देशात त्याला परत कुणी कामावर घेणार नाही. आत्ताच त्याने दुसऱ्या मरिनात अर्ज केलाय, इन्शाल्ला होऊन जाईल. त्याचं चांगलं करायला जाल आणि… त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, “तुम्ही आहात म्हणूनच मी निर्धास्त आहे, ताई,” आणि आज समुद्र छान आहे, गर्दी होईल, पाणी पीत राहा, असंही म्हणाला.

पहिली बोट आली तेव्हा तिने नियमाचा एकेक शब्द पाळला. अकरा पावलं काठापर्यंत. वाकून पाहिलं, दोर हातात धरा, बांधू नका, हे हिंदीत आणि इंग्रजीत ओरडून सांगितलं, माणसाने मान हलवलेली पाहिली, अकरा पावलं परत. बटणावर बोट ठेवलं, आणि मगच तिच्या लक्षात आलं, की तिने पाहिलं ते आता जुनं झालं होतं. या अकरा पावलांत त्या माणसाने दोर बांधला असेल. हात भिंतीला लावला असेल. बघत असताना दाबता येत नाही, आणि दाबताना बघता येत नाही. दोन रकान्यांत एकाच माणसाचं नाव लिहिलं म्हणून त्याची दोन माणसं होत नाहीत. इतकी साधी गोष्ट. मुश्ताकला माहीत होती, त्याच्या बापाला माहीत होती… सुजीतलाही असणार. तिने दाबलं. पाणी घुमत खाली गेलं. काही झालं नाही.

दुसऱ्या बोटीला ती जवळजवळ धावली. तिसरीला धाप लागली म्हणून निम्म्या वाटेवरूनच ओरडली. साडेदहापर्यंत तळ्यात बोटींची रांग लागली. कुणीतरी भोंगा वाजवला, एका बोटीतून यल्ला, यल्ला, चला लवकर, अशी हाक आली, कंटाळलेली, पण हसरीच. दार, बटण, पाणी, दार. कोठी पुन्हा भरायची, आतलं दार उघडायचं, पुढची बोट. हातांना लय सापडत गेली. समुद्राकडून गार वारा सुटला. केशरी जाकीट घातलेल्या एका छोट्या मुलीने खालून विचारलं, “आर यू द बॉस ऑफ द वॉटर?” आणि विभावरी हसली, सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळी हसली, हात हलवला…

पाणी घुमत होतं. कोठीत एक पांढरी बोट होती, आतलं दार मिटलेलं होतं, तिचं बोट हिरव्या बटणावरून नुकतंच उचललं गेलं होतं. ही सातवी. की आठवी? हिच्यासाठी आपण काठापर्यंत गेलो होतो का?

तिला निळा दोर आठवत होता, एका पुरुषाच्या मुठीत सैल धरलेला. तो या बोटीचा होता की आधीच्या? पावलं आठवून पाहिली. पायांना काही आठवत नव्हतं. इथून दिसत होतं ते फक्त बोटीचं पांढरं छत, आणि ते हळूहळू काठाखाली जात होतं, सरळ… सरळच असावं. लाल बटण हाताशी होतं. दाबलं तर पाणी थांबेल, सगळे वर बघतील, कुणीतरी विचारेल काय झालं, आणि तिला सांगावं लागेल, की मला आठवत नाही. तिने कान दिला. दोराचा आवाज नव्हता. माणसांचाही नव्हता, पण पाण्याच्या घुमण्यात तो ऐकू आला असता का? हात मांडीशी होता तिथेच राहिला. सकाळपासून तिने भीतीला धरून ठेवलं होतं. प्रत्येक बोटीच्या वेळी ती भीतीच तर तिला काठापर्यंत चालवत नेत होती. आता विभावरी त्या भीतीला आत हाका मारत होती, छातीत, पोटात, तळहातांत, आणि सगळीकडे नुसतं स्वच्छ, हलकं वाटत होतं – मार्चमधल्या त्या सकाळी वाटलं होतं, अगदी तसंच.