गाडीच्या मागे राहीबाई

नवी गाडी घेतली की पेढे आधी कुणाला नेतो आपण? ती बघून ज्याचा चेहरा जरा उतरावा असं मनात असतं, त्याला. कुपवाडचा जयराज आवळे त्याच्याही पुढे गेला. त्यानं गाडी थेट विश्रामबागेतल्या चर्चला आणली, तीही प्रभुभोजनाच्या रविवारी. त्या दिवशी मंडळी झाडून हजर असते. उपासना संपली की पाळकसाहेबांनी गाडीसाठी प्रार्थना करायची, असं ठरलं होतं. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

बाजूच्या दाराशी लिंबाची सावली होती. तिथे गाडी लावून त्यानं बॉनेटवर झेंडूचा हार चढवला आणि वॉचमन बिराप्पाला बजावलं, "कुणी विचारलं तर आवळेसाहेबांची म्हणून सांग. हात लावू द्यायचा नाही."

माणूस वाईट नव्हता. लेथवर राबून त्यानं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं होतं. पण आडनाव आणि चर्च कळलं की समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे लहानपणापासून त्याच्या कानात बसलं होतं. आता आपल्याला बोलावंच लागणार नाही, गाडीच बोलेल, असं त्याला वाटत होतं.

उपासनेत भाकर वाटून झाली, द्राक्षरसाचे छोटे पेले हातोहात फिरले. तेवढ्यात मंडळीतल्या म्हाताऱ्या राहीबाईची नात रेश्मा आत आली आणि पाळकसाहेबांच्या कानाशी लागली. त्यांनी भाकर आणि एक पेला उचलला.

"जरा थांबू या. आपल्यातलं एक माणूस बाहेर राहिलंय," असं म्हणून त्यांनी बाजूचं दार उघडलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. समोर चकचकीत गाडी, तिच्यावर हार, आणि पलीकडे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या राहीबाईचा फक्त पांढरा पदर! तिच्या खुर्चीसाठी मंडळीतल्या तरुणांनी त्या दाराला सिमेंटचा उतार बांधला होता. जयराजनं नेमकी त्याच्या तोंडाशी गाडी लावली होती.

आई गेल्यावर साताऱ्याकडच्या गावातून पोरक्या जयराजला सांगलीला आणलं ते याच राहीबाईनं. बाप्तिस्म्याला त्याच्या शेजारी तीच उभी होती. जयराजला पेला ओठाला लावता येईना. पेला तसाच बाकावर ठेवून तो खाली मान घालून बाहेर आला.

"मावशी, कधीपासून बसलीयस?"

"पैल्या गाण्यापास्नं."

"मला बोलवायचं की."

"बिराप्पा म्हणला, आवळेसाहेबांची गाडी हाय, हात लावायचा न्हाई," रेश्मा म्हणाली. "आजी म्हणली, उपासना मोडू नगा."

"आवळेसाहेब मला ठावं न्हाई," राहीबाई म्हणाली. "जयराजची हाय म्हणला असता, तर हितनंच हाक मारली असती."

गाडी ज्यांना दिसावी म्हणून आणली होती, ते सगळे आता दारात उभे राहून बघत होते. जयराजला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चुकलं मावशी. विकून टाकतो ही गाडी."

"गाडीनं काय केलंय रं? लय चांगली हाय. पर तू तिला म्होरं घातलीस आन् सोता मागं लपलास. बाप्तिस्म्याला उभा हुतास तवा अंगातला सदरा बी उसना हुता. तरी प्रभूनं तुला आपलं लेकरू म्हणलंच का न्हाई? मग आता कुणाला दावाया ही लागती?"

डोळे पुसत त्यानं गाडी पार रस्त्यावर, उन्हात नेऊन लावली. मग परत येऊन खुर्ची स्वतः उतारावरून आत ढकलली. राहीबाईनं पाळकसाहेबांच्या हातून भाकर आणि पेला घेतला, आणि बाकावर ठेवलेला आपला पेला त्यानं तिच्या शेजारी बसूनच घेतला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "गाडीच्या प्रार्थनेचं कसं करायचं?"

"गाडी ठीक आहे," जयराज म्हणाला. "प्रार्थना माझ्यासाठी करा."

बंधुभगिनींनो, आपण हसू नये. जयराजच्या गाडीच्या जागी आपण प्रत्येकानं काही ना काही उभं करून ठेवलंय. कुणी बंगला, कुणी पदवी, कुणी अंगावरचं सोनं. आपण प्रभूचे आहोत, ही ओळख ज्याला पुरते, त्याला दारात काही उभं करावं लागत नाही. येत्या रविवारी गाडी लावाल तेव्हा एकदा उतरून मागे बघा, कुणी खोळंबून बसलंय का.